माणदेशी कोरिया

अकरावी कॉमर्सच्या वर्गात पोरांना नावानं कोणी ओळखत नव्हतं. मोबाईलमध्ये गाणी कुठली आणि अंगावर कपडा कसला, एवढं बघितलं की झालं, पाटी तयार. पांढरा कुडता, सणावाराला डोक्यावर फेटा, मनगटात कडं आणि ट्रॅक्टरच्या भोंग्यावर वाजतात तसली गाणी असली की तो 'फेटेवाला'. त्यांचा म्होरक्या शंभूराज. बापाचा वीस एकर ऊस, चुलता फौजेत, आणि ह्याची छाती त्या दोघांच्या जिवावर फुगलेली. कमरेत दोघी मावतील असली ढगळ पँट आणि कानात कोरियातल्या पोरांची गाणी असली की ती 'कोरिया'. त्यांची पुढारीण रेश्मा. तिच्या वडिलांचं रहिमतपुरात कापडाचं दुकान, त्यामुळं कोणाचा कपडा केवढ्याचा हे ती लांबूनच सांगायची, न विचारता.

ह्या दोन्हींत अपेक्षा कुठं बसत नव्हती. ती माण तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली, शिक्षणासाठी मंगल आत्तीकडं रहिमतपूरला राहिलेली. तिला लागलं होतं कोरियन गाण्यांचं वेड. सुट्टीत गावी गेली की पडीक रानात वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, खुंटाला मोबाईल बांधायची आणि त्यात बघून बघून एकेक पाऊल बसवायची. समोर चाळीस मेंढरं रवंथ करत बसलेली. तिच्या कपड्यांना नावं न ठेवणारे प्रेक्षक तिला आजवर तेवढेच मिळाले होते.

पहिल्याच आठवड्यात ती काळी हुडी घालून रेश्माच्या बाकाजवळ गेली.

"आठवडी बाजारातली ना?" रेश्मानं बाही चिमटीत धरून बघितली. "एका धुण्यात उसवंल."

"तीन धुणी झाली," अपेक्षा म्हणाली.

बाकावर हसू फुटलं. मग त्यांनी तिची परीक्षा घेतली. गाणाऱ्यांची नावं, वाढदिवस, कुठल्या गाण्यात कोणाचे केस कुठल्या रंगाचे. तिनं सगळं सांगितलं, वर रेश्माची एक तारीखही दुरुस्त केली. ती चूकच झाली. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'माणदेशी कोरिया'. फेटेवाल्यांना तर खुराकच मिळाला. ती वर्गात आली की शंभूराज मागच्या बाकावरून ओरडायचा, "आली रं कोरियाची मेंढरं राखून!"

आत्तीला सांगितलं तर आत्ती म्हणाली, "मग घाल की चांगला पंजाबी ड्रेस. कशाला अंगावर घ्यायचं?" म्हणजे बोलणाऱ्यांनी बोलायचं सोडायचं नाही, हिनं कपडा सोडायचा.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाचे अर्ज निघाले. सांस्कृतिक विभाग जगदाळे सरांकडं. त्यांच्या वहीत तीन रकाने: देशभक्तीपर, लोकनृत्य, पाश्चात्य.

"सर, मला कोरियन गाण्यावर एकटीला नाचायचंय," अपेक्षा म्हणाली.

"कोरिया पाश्चात्य कसा होईल गं? तो तर पूर्वेला," असं म्हणून सर स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसले. मग त्यांनी तिच्या अर्जावरचं गाव वाचलं आणि तिला न विचारता तिचं नाव लोकनृत्याच्या रकान्यात घातलं. "माणची आहेस ना? मग धनगरी गाणं घे. घोंगडं, काठी, खांद्यावर घ्यायला खोटं कोकरू, सगळं साताऱ्यात भाड्यानं मिळतं."

खोटं कोकरू! अपेक्षाची कानशिलं तापली. तिच्या घरात कोकरू खांद्यावर यायचं ते आजारी पडलं तर, नाहीतर वाटेतच जन्मलं तर. तेव्हा ते घेऊन कोणी नाचत नसे. मुकाट्यानं, जपून, पुढच्या मुक्कामापर्यंत चालायचं असतं.

"सर, मला माझंच गाणं पाहिजे."

"पाश्चात्यमध्ये रेश्माचा ग्रुप आहे, तोच कोरियन करतोय."

"आणि दोन दोन कशाला?" मागं उभी असलेली रेश्मा बोललीच. "आमच्या आयटमची वाट लागंल."

ते तिथंच संपलं असतं. पण चार दिवसांनी सरांनी तिला परत बोलावलं. शंभूराजचा ग्रुप गजी, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, बसवत होता आणि पाहुणे मोठे येणार होते. स्पीकरवरच्या ढोलानं सरांचं समाधान होईना.

"तुझे आजोबा गजीत आहेत म्हणे?"

"व्हय सर. ढोल त्येच वाजवत्यात."

"तो ढोल मिळवून दे. तुला पाश्चात्यमध्ये तीन मिनिटं देतो. नववा नंबर."

तीन मिनिटं! पडीक रानातली दोन वर्षं त्या तीन मिनिटांत मांडायची होती. एकदा वर्गानं आपल्याला नाचताना बघावं, मग काय म्हणायचं ते म्हणावं. ती हो म्हणाली.

रविवारी शंभूराज घरची जीप घेऊन आला आणि दोघं माणात गेली. ढोल बिरदेवाच्या देवळात आढ्याला टांगलेला. नानासो आजांनी आधी पायताण काढलं, ढोलाला हात लावून कपाळाला लावला, मग दोर सोडला. कातड्यावर भंडारा इतक्या वर्षांचा की मूळचा रंग कोणाला आठवत नव्हता.

"हे बघा, हा देवाचा हाय," आजा शंभूराजला म्हणाले. "भुईला टेकू द्यायचा न्हाई, कायतरी अंथरा, न्हाईतर टांगा. पायताण घालून शिवायचं न्हाई. आन भंडारा तेवढा पुसू नगा."

शंभूराज लगेच त्यांच्या पायाला लागला. "काळजी करू नगा आजोबा. आपली संस्कृती हाय ही." हे वाक्य त्याला फार छान म्हणता यायचं.

ढोल जीपच्या सीटवर बसवून झाल्यावर आजांनी नातीला बाजूला घेतलं. "आन आपे, तू काय नाचणार?"

"माझं गाणं हाय, आबा."

"ते चिनी?"

"चिनी न्हाई वो, कोरियन."

"त्येच ते," आजा म्हणाले.

कार्यक्रम शनिवारी दुपारी दोनला सुरू झाला. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत पाहुणे, नारळ, शाली. अपेक्षानं काळी हुडी घातली होती आणि ह्याच दिवसासाठी जपून ठेवलेले पांढरे बूट. सहावा नंबर चालू असताना ती स्टेजमागं गेली.

आठव्या नंबराचे फेटेवाले तिथं तयार होत होते. भाड्याचे पांढरेशुभ्र अंगरखे, कमरेला लाल शेले, मिशा काजळानं काढलेल्या. आणि ढोल फरशीवर उभा केलेला. ढोलावर शंभूराज उभा. बुटांसकट. हात वर करून तो पडद्याच्या दांडीला बॅनर बांधत होता, आणि बॅनरवर लिहिलं होतं, 'आपली संस्कृती, आपला अभिमान'.

अपेक्षा तरातरा ढोलापाशी गेली.

"उतर खाली," ती म्हणाली.

"थांब गं, एक गाठ राहिलीय."

"उतर म्हणते ना!"

तिचा आवाज असा काही निघाला की तो उतरला. कातड्यावर त्याच्या बुटांचे ठसे होते. आणि ते ठसे दिसत होते, कारण खालचा भंडारा गेलेला होता. कोपऱ्यात बादलीत पिवळं पाणी आणि पिवळं झालेलं फडकं. ढोलाच्या कडेला चिकटपट्टीनं कागद डकवलेला: 'राजे ग्रुप'.

"भंडारा कोणी पुसला?"

"पांढऱ्या अंगरख्यांना लागत होता," शंभूराज म्हणाला. "भाड्याचे हायत. डाग पडला तर तू भरणार व्हय?"

"आबांनी काय सांगितलं होतं तुला? पाया पडलास ना त्यांच्या?"

"ये कोरिया, तू नको शिकवू. तुला काय कळतंय गं परंपरेतलं? तू तुझ्या त्या पोरांचे केस बघत बस."

मागच्या पोरांनी हसून साथ दिली. अपेक्षानं कागद ओढून काढला, चुरगळला आणि त्याच्या हातात दिला.

"सहा महिने ऐकतेय मी. हिचे कपडे बघा, हिची गाणी बघा, ही आपल्यातली न्हाई. बरं, न्हाई तर न्हाई. पण तुझा फेटा मी कधी पायपुसणं केला का? मला तुझी गाणी आवडत न्हाईत, तरी तुझ्या भोंग्यावर मी कधी उभी राहिले का बूट घालून?"

गलका ऐकून जगदाळे सर धावत आले. त्यांनी ढोल बघितला, ठसे बघितले आणि मग घड्याळ बघितलं.

"अगं, पुसला गेला तर परत लावू. हळदीची पुडी आणायला पाठवतो. पाहुणे बसलेत बाहेर. नंतर बोलू आपण."

"सर, ती हळद न्हाई. आणि नंतर कवा?"

"नंतर म्हणजे नंतर! हा आयटम पडला तर माझी शोभा होईल. तुझा नववा नंबर आहे, हे विसरू नकोस."

विसरण्यासारखं होतं का ते? स्टेजवर सातवा नंबर संपत आला होता, टाळ्या पडत होत्या. मधे एकच आयटम, की तिचं नाव पुकारणार. फक्त गप्प राहायचं होतं. सहा महिने राहिलीच होती की.

ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"शहाणी मुलगी," सर म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं.

बूट काढून तिनं कडेला ठेवले. ढोलाला हात लावून कपाळाला लावला, हुडीच्या बाहीनं ठसे पुसले, तसा कडेला उरलेला भंडारा बाहीला लागला. मग तिनं दोर खांद्यावर घेतला आणि ढोल उचलला. ओझ्यानं पहिल्या पावलाला ती झोकांडली. शंभूराजनं दोराला हात घातला.

"आधी बूट काढ," ती म्हणाली.

त्यानं हात काढून घेतला. बूट काही काढले नाहीत.

"अपेक्षा, नाव कट करीन तुझं!" सर मागून ओरडले.

"करा सर. तसंबी चुकीच्याच रकान्यात होतं."

ती मागच्या दारानं बाहेर पडली. भर उन्हात, अनवाणी, काळी हुडी आणि खांद्याला देवाचा ढोल. रस्त्यावरच्या लोकांना ही नक्की कशातली, हे काही ठरवता येईना. बिचाऱ्यांची फार पंचाईत झाली.

स्टँडवर माणात जाणारी दहिवडी गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली आणि ढोल मांडीवर घेतला.

"खाली ठेव की, पाय मोडतील," कंडक्टर म्हणाला.

"न्हाई ठेवत."

"लगेजचं तिकीट पडंल."

"फाडा."

गाडी निघणार तेवढ्यात खिडकीवर थाप पडली. खाली रेश्मा उभी होती, डोळ्यांना चमकी लावलेली, धाप लागलेली, हातात पांढरे बूट.

"अगं वेडे, बूट इसरलीस. आणि नंबर गेला तुझा, कळतंय का?"

"माहिताय."

"ते आता स्पीकरवरच्या ढोलावर नाचतायत. शंभू म्हणतोय, कोरियाचं डोकं फिरलंय." तिनं बूट खिडकीतून आत दिले, पण हातातून सोडेना. शिवण उलटसुलट करून बघितली. "बाजारातले. पण बरे हायत."

"तुझा आयटम?"

"दहावा. जाते." दोन पावलं जाऊन ती वळली. "ती उडी घेऊन फिरायचं हाय ना, आमच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात? आम्हाला एकीला जमत न्हाई. तू करतेस?"

"करते."

"हूं," रेश्मा म्हणाली आणि ढगळ पँट सावरत पळाली.

पुसेगाव मागं पडलं तसा आजांचा फोन आला.

"आपे, नाचलीस का?"

"न्हाई, आबा." तिनं सगळं सांगितलं. बुटांचे ठसेही लपवले नाहीत.

"ढोल कुठं ठिवलायस?"

"मांडीवर."

"लय जड हाय त्यो."

"व्हय."

"फाट्यावर येतो मी न्यायला. भंडारा देवळात हाय, लावू परत. मेंढरं वाड्यात घालायच्या आत पोचतीस." आजा घुटमळले. "मग उजेड हाय तवर तुजं ते नाच की, देवळाम्होरं. तुजं ते… कोरियन. मी ढोल वाजवतो वाटलं तर."

अपेक्षानं डोळे पुसले. बाहीचा सगळा भंडारा तोंडाला लागला.

"ढोल नगं, आबा. माझ्या गाण्याला ढोल चालत न्हाई. तुमी नुसतं बघा."

"बघतो की," आजा म्हणाले. "चष्मा लावून बघतो."