फरक स्पष्ट करा

चिठ्ठी दीड इंच रुंद होती, चार घड्यांची. घामाने कडेची निळी शाई पसरली होती. तपासणी पथकाच्या साहेबांनी ती बेबीनंदाच्या बाकाखालून उचलली.

"कुणाची ही?"

"माही न्हाई, सर," बेबीनंदा म्हणाली.

मार्च १९७४, जाफराबादचं केंद्र, शालान्त परीक्षेचा इंग्रजीचा पेपर. त्या दिवशी इंग्रजीच्या शिक्षकांना वर्गावर नेमत नाहीत, म्हणून विज्ञान शिकवणारी मी पर्यवेक्षक होते. बाहेर पथकाची जीप थांबली तेव्हा बेबीनंदाच्या मागच्या बाकावरच्या भुजंगने चिठ्ठी पायाने पुढे सरकवली. मी पाहिलं. मंगळवारी बीजगणितालाही त्याच्या हातात चिठ्ठी पाहिली होती आणि गप्प बसले होते. त्या संध्याकाळी त्याचे वडील अप्पाराव बसस्टँडवर भेटले. आमच्या शाळेच्या समितीवरचे.

"बस चुकली की पायीच जाता न्हाई का, बाई? रस्ता बराबर न्हाई," ते हसून म्हणाले होते. तेव्हापासून रोज घरी जाताना मी चार-पाचदा मागे वळून बघत होते.

आता ते मुलांच्या पाण्याची व्यवस्था बघायला म्हणून व्हरांड्यात खिडकीशी उभे होते.

साहेबांनी चिठ्ठी उलगडली. चौथ्या प्रश्नाची उत्तरं होती: अनइंटरेस्टेड आणि डिसइंटरेस्टेड, अनक्वालिफाइड आणि डिसक्वालिफाइड. फरक स्पष्ट करा.

"हिची उत्तरपत्रिका घेतो मी. दोन वर्षं बसता येणार नाही परीक्षेला."

बेबीनंदा रडली नाही. तिच्या घरातून मॅट्रिकला बसलेली ती पहिलीच. दोन वर्षांनी तिला कुणी पुन्हा पाठवणार नव्हतं.

"जरा ताडून बघा, सर," मी म्हणाले. "चिठ्ठीत पहिल्या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच दिलाय, रस नसलेला. हिने डिसइंटरेस्टेडला निःपक्षपाती लिहिलंय. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, पेंगणारा श्रोता अनइंटरेस्टेड असतो, असं उदाहरणही दिलंय. हे चिठ्ठीत नाही."

"विज्ञानाच्या बाईला इंग्रजीचं काय कळून राह्यलं?" खिडकीतून अप्पाराव म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले. "उत्तर वेगळं आहे, खरं. पण उतरवायला वेळ मिळाला नसेल. यावरून चिठ्ठी तिची नाही, हे ठरत नाही."

ते बरोबर बोलत होते. प्रयोगशाळेत मीही हेच म्हणाले असते. एवढ्या पुराव्यावरून निष्कर्ष निघत नव्हता. पाहणारं माणूस हवं होतं, आणि वर्गात मोठं माणूस मी एकटीच होते.

अप्पाराव आता हसत नव्हते. भुजंग पेनाचं टोपण चावत खाली बघत होता.

साहेब उत्तरपत्रिकेवर लाल पेन टेकवत होते.

"थांबा," मी म्हणाले. "चिठ्ठी भुजंगची आहे. त्याने ती पायाने पुढे सरकवली, मी पाहिलं. मंगळवारीही पाहिलं होतं. तेव्हा सांगितलं नाही. आता लेखी देते."