पाचवा रकाना

वलगावच्या शेषरावचा डावा पाय चार सेंटिमीटर आखूड होता. झेंडूच्या पोत्यांवर बसून चालला होता, ऑटोतून पडला. हाड मोडलं आणि जुळताना जवळच्या वाटेनं जुळलं. तेव्हापासून डाव्या चपलेखाली टायरचे चार थर. शेजारच्या फारुख सायकलवाल्यानं ठोकून दिलेले.

ते सरकारी पॅकेजचं साल. गावात दर आठवड्याला एक समिती यायची, शेतकऱ्याला प्रश्न विचारायची, चहा पिऊन जायची. म्हणून अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर नाजिया म्हणाली, "काका, तुमच्या पायावर अभ्यास करू का?" तेव्हा शेषराव खूशच झाला. पायाला हात लावणारी ही पहिलीच समिती.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी हाड कापून पायाभोवती लोखंडी कडी बसवली. कड्यांचे नट घरी रोज चार वेळा, पाव-पाव फेरा फिरवायचे. हाड दिवसाला एक मिलिमीटर ताणलं जातं, फटीत नवं हाड भरतं. घाई केली तर फटच राहते. पेशंट हे घरी नीट करतात का, हाच नाजियाचा अभ्यास. त्यासाठी रोजच्या चार रकान्यांचा कागद.

वीस दिवसांनी साहेबांनी एक्स-रेवर पट्टी लावली. "पंचवीस मिलिमीटर? वीस पाहिजे होते!" फटीत हाडाचा मागमूस नव्हता.

शेषराव नाजियाकडं वळला. "पाय जाते का, मॅडम?"

"कागद दाखवा, काका."

कागदावर शेषरावनं पट्टीनं पाचवा रकाना आखला होता. त्यातही रोज खूण.

"हा कुठून आला?"

"घरचं घड्याळ बंद हाये. मशीद शेजारी. अजान झाली का नट फिरवतो. अजान पाच, तुमचे रकाने चार. फारुखभाईले विचारलं, एक सोडू का? तो म्हणे, शेषरावभाऊ, एकही सोडू नये."

हा फारुख स्वतः फक्त शुक्रवारी नमाजाला जायचा, ते सोडा.

"काढा याला अभ्यासातून!" साहेब उसळले.

नाजिया बोटांवर काहीतरी मोजत होती. "सर, बाकी एकोणीस जणांच्या कागदावर वीस मिलिमीटर, अन् एक्स-रेत तेरा-चौदा. सगळ्या खुणा एकाच पेननं, येताना बसमध्ये केलेल्या. काकांच्या कागदात पंचवीस, पायातही पंचवीस. खरा कागद हा एकच आहे."

साहेबांनी पट्टी पुन्हा लावून पाहिली. मग शेषरावचा कागद फाइलीत लावला.

आठ दिवस नट बंद. पुढं तीनच वेळा. "दुपारची, दिवस कलतानाची असरची, मावळतानाची मगरिबची," नाजिया म्हणाली. "पहाटे अन् रात्री झोपा, काका." बाकीच्यांनाही तिनं चार वेळांसाठी गावातले आवाज वाटून दिले. कुणाला शाळेची घंटा, कुणाला आरती. साहेबांनी एवढंच बजावलं, "बडनेऱ्याच्या पेशंटला रेल्वेगाडीच्या टायमावर लावू नको. पाय आखूडच राहील."

दिवाळीच्या आधी कडी निघाली. फट भरली होती. फारुखनं टायरचा शेवटचा थर उचकटला आणि चपलेची जोडी सपाट केली. तेवढ्यात अजान झाली. शेषरावचा हात सवयीनं नडगीकडं गेला. तिथं नट नव्हता.

"फारुखभाई, अजान झाली."

"ऐकली ना."

"मंग बसून काहून राहिले? एकही सोडू नये म्हणे!"

फारुखनं निमूट पाना ठेवला आणि टोपी शोधली. शेषराव त्याला मशिदीच्या फाटकापर्यंत सोडायला निघाला. वाटेत फारुखच मागं पडला.