पाकोळीचा टप

लेलंडने मला लग्नानंतर जिथे जिथे फिरायला नेलं, तिथे शेवटी एखादं कोंबड्यांचं खुराडं नाहीतर पडकं गॅरेज निघालं. बाकीच्या बायका समुद्र बघायला जातात. मी बार्स्टोच्या उन्हात कुणाच्या तरी परसात उभी राहून गंजलेलं मडगार्ड बघितलंय, आणि त्या मडगार्डापुढे नवऱ्याच्या डोळ्यांत आलेलं पाणीही. माझी आई गेली तेव्हा आलं नव्हतं.

लेलंड स्ट्राउड, म्हणजे माझा नवरा, डाउनी गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचा. निवृत्त झाला आणि पूर्णवेळ गाड्यांच्या मागे लागला. आमच्या तरुणपणी लॉस एंजेलिसच्या गल्लीगल्लीत पोरं जुन्या मर्क्युरी आणि शेवरले घ्यायची, त्यांचा टप कापून बुटका करायची, जोड शिशाने बुजवायची, दारांच्या मुठी काढून टाकायची आणि वर आरशासारखा रंग चढवायची. त्यातल्या बऱ्याच गाड्या पुढे कुठे गेल्या कुणाला ठाऊक नाही. त्या हुडकायच्या, त्यांचा इतिहास लिहायचा आणि मंडळाच्या मासिकात छापायचा, हा याचा उद्योग. मंडळ म्हणजे दर शनिवारी डोनट खात बसणारे पोट सुटलेले पुरुष. अध्यक्ष व्हर्नन हॅस्टी, सिमेंटचा ठेकेदार. तो बोलायला लागला की मिक्सर फिरल्यासारखा आवाज येतो, आणि थांबवायचं बटण कुणाला सापडत नाही.

या मंडळाचा देव म्हणजे पाकोळी नावाची गाडी. लिनवुडच्या चुई आर्विसू नावाच्या पोराने एका मर्क्युरीची ती बनवली होती. पिकल्या अंजिराचा रंग, टप इतका खाली की पुढची काच पत्रपेटीच्या फटीएवढी. एकदाच प्रदर्शनात आली, पुढच्या उन्हाळ्यात नाहीशी झाली. मग काय, ज्याला जे सुचेल ते. कुणी म्हणे सिनेमातल्या नटीने पळवली, कुणी म्हणे मेक्सिकोत गेली. हॅस्टीने तर मासिकात दोन पानं भरून लिहिलं होतं, की एका जुगाऱ्याने ती डावात जिंकली आणि तिच्यासकट तो सॉल्टन सीच्या खाऱ्या पाण्यात बुडाला. लेलंडने त्या तळ्याकाठी माझ्या दोन सुट्ट्या घालवल्या. मेलेल्या माशांचा वास अजून माझ्या स्वेटरला येतो.

त्या वर्षी सांता पाउलाला माझ्या चुलतबहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. लेलंडला यायचं नव्हतं, कारण तिथे लिंबांच्या बागांखेरीज काही नाही. मी म्हटलं, "तुझ्या गंजाला मी आले, माझ्या नातेवाइकांना तू ये." आला. चर्चच्या मागच्या अंगणात जेवण होतं, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून आम्ही एका तपकिरी मर्क्युरीला टेकून उभे राहिलो. लेलंडने ताट तिच्या मडगार्डवर ठेवलं आणि बकऱ्याच्या रश्श्यात टॉर्टिया बुडवता बुडवता तिच्याकडे असं बघितलं, जसा वधूपिता पसंत नसलेल्या जावयाकडे बघतो.

"कुणाची ही?"

"माझी," मागून आवाज आला.

दोन्या ओर्तेन्सिया उभ्या होत्या; दोन्या म्हणजे स्पॅनिशमध्ये बाईसाहेब. गावात त्यांचं नववधूंच्या पोशाखांचं दुकान होतं, आणि माझ्या तीन बहिणींचे झगे त्यांनीच शिवलेले. सहा फुटांच्या जवळपास उंची, डोक्यावर हॅट, आणि समोरच्याच्या शिवणीतली चूक शोधणारी नजर.

"छान ठेवलीये बाई," लेलंड म्हणाला. शाळेत 'ढ' मुलाची पाठ थोपटतात तो सूर. "पण टपाशी कुणीतरी खेळ केलाय. मागच्या काचेची ठेवण बिघडलीये. एखादा अडाणी..."

"माझा नवरा."

"माफ करा."

"माफी कशाला? मीच करायला लावलं त्याला. तुम्ही काय करता?"

"मी हरवलेल्या गाड्या शोधतो."

"अस्सं! सापडतात?"

झालं. याला एवढंच पुरतं. याने पाकोळीची कथा सुरू केली ती थेट जुगारी बुडेपर्यंत. दोन्या ओर्तेन्सिया शांतपणे राजमा खात ऐकत होत्या.

"कुठल्या तळ्यात म्हणालात?"

"सॉल्टन सी."

"अरेरे. पोहता येत नसेल तिला." त्यांनी चमचा ठेवला. याचा शाळेतला सूर त्यांनी बरोबर ओळखला होता. "मास्तर, तुम्ही तिच्या मडगार्डवर ताट ठेवलंय. रस्सा सांडतोय."

लेलंड हसला. बाई थट्टा करताहेत असं त्याला वाटलं. बाईंनी दार उघडून पुढचा कप्पा उघडला आणि झाकण त्याच्याकडे फिरवलं. झाकणाची आतली बाजू अंजिरी होती, आणि कोपऱ्यात नखाएवढी पांढरी पाकोळी, पंख पसरलेली. ते चित्र लेलंडने एका धुरकट फोटोत भिंग लावून बघितलं होतं. त्याने ताट उचललं, कुठे ठेवावं ते कळेना, शेवटी माझ्या हातात दिलं. मग तो दारांच्या खांबांवरून बोटं फिरवत फिरला. पातळ रंगाखाली शिशाचा जोड हाताला लागत होता. डिकी उघडली तर आतला कोपरा न् कोपरा अंजिरी.

"टप कुठे गेला?" त्याने विचारलं. आवाज असा, जसा कुणी 'मुलगा कुठे गेला' विचारतो.

"भंगारात. आणि हा टप भंगारातून आला. एका उलटलेल्या मर्क्युरीचा."

"पण का?"

"माझी उंची बघा मास्तर, आणि मग विचारा."

त्यांनी सांगितलं ते असं. चुईला त्यांच्याशी लग्न करायचं होतं तेव्हा त्याने ही गाडी बनवली, असं तो सगळ्यांना सांगायचा. "माझ्यासाठी बनवली म्हणे! मी आत बसले की हनुवटी छातीला लागायची. लग्नाच्या दिवशी माझी डोक्यावरची जाळीदार ओढणी टपात अडकून फाटली. मी स्वतः शिवलेली. सगळे म्हणाले, काय दिसतेस गं! बाहेरून दिसतच नव्हते मी, काचा केवढ्याशा!"

पहिलटकरीण म्हणून त्या आईकडे सांता पाउलाला आल्या होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा चुईने त्यांना पाकोळीत मागच्या सीटवर आडवं घातलं, कारण ताठ बसायला जागाच नव्हती. त्या फटीतून त्याला धड रस्ता दिसेना. लिंबांच्या बागेतल्या वळणावर गाडी सरळ पाटाच्या चरात. मुठी काढून टाकलेल्या, दारं बटणावर उघडायची, आणि धक्क्याने बॅटरीची तार निसटलेली. "आत मी ओरडतेय, बाहेर पाणी चढतंय, आणि हा खिडकीतून अर्धा बाहेर अडकलेला. लिंबं तोडणाऱ्या माणसांनी काच फोडून मला काढलं. लिंबाच्या ट्रकवर बसून गेले मी दवाखान्यात. ती बघा माझी लेक, केक कापतेय ती. अजून लिंबू आवडत नाही तिला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय पोरी, घरी आल्यावर सांगितलं त्याला. एक तर टप वर जाईल, नाहीतर तू बाहेर जाशील. आणि दारांना मुठी पाहिजेत, माणसाच्या गाडीला असतात तशा. केलं त्याने. रडत रडत केलं, पण काम चोख केलं, जोड कुठे दिसतोय का बघा. पण लिनवुडच्या मित्रांना काय सांगितलं माहितीय? गाडी चोरीला गेली! पोलीस शोधताहेत! आणि कुणी ओळखू नये म्हणून हिला तपकिरी रंग फासला. बायकोने सांगितलं म्हणून टप वाढवला, एवढं सांगायची छाती नव्हती त्या शूरवीराची. आणि लिनवुडला परत जाणं नको म्हणून इथेच राहिला. मरेपर्यंत ट्रॅक्टर दुरुस्त केले."

मला इतकं हसू आलं की लेलंडच्या ताटातला रस्सा माझ्या शालीवर सांडला. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं एवढे बाप्ये नकाशे पसरून बसले, तळ्याचा तळ ढवळायला निघाले, आणि सगळ्याच्या बुडाशी काय, तर बायकोचं ऐकल्याची लाज.

मला वाटलं लेलंड हे गिळून टाकेल. पण त्याने घरी येऊन जसं घडलं तसं लिहिलं, चर आणि लिंबांच्या ट्रकसकट. हॅस्टीने ते शनिवारच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं, मध्ये मध्ये थांबून, लोकांनी हसावं म्हणून.

"स्ट्राउड, हा इतिहास आहे की स्वयंपाकघरातली कुरबुर?"

"घडलं ते हेच आहे."

"घडलं असेल. पण हे वाचून कुणाचं रक्त सळसळणार आहे?" मग हॅस्टीने आवाज खाली आणला. "हे बघ, गाडी खरी असेल तर बाईला पटव. आम्ही टप पुन्हा कापू, होती तशी करू. मग छापू, पाकोळी सापडली. टपाचं ते मधलं प्रकरण गाळून टाक."

मधलं प्रकरण! त्या बाईचा उभा संसार म्हणजे मधलं प्रकरण.

आणि आमचे भूगोलतज्ज्ञ विचार करायला लागले की हो. आठवडाभर कागदावर बुटका टप काढत होता, मी आले की कागद झाकायचा. शेवटी आम्ही सांता पाउलाला गेलो. दुकानात दोन्या ओर्तेन्सिया एका मुलीच्या झग्याला टाचण्या लावत होत्या. लेलंडने घसा खाकरत, लांबून लांबून वळसे घेत हॅस्टीचा निरोप सांगितला.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "मास्तर, चुईने तिला पहिल्यांदा कापलं ते मित्रांसाठी. दुसऱ्यांदा कापलं ते माझ्यासाठी. तुम्ही कुणासाठी कापणार?"

लेलंड झग्याकडे बघत उभा राहिला. मला वाटतं, हॅस्टीचं नाव त्याच्या जिभेवर आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. निदान मी तसं समजते, कारण तो एवढंच म्हणाला, "नको. राहू दे तशीच. पण आहे तशी प्रदर्शनात आणाल का?"

"आणेन. मीच चालवणार."

लाँग बीचच्या बागेत प्रदर्शन होतं. दोन्या ओर्तेन्सिया हॅट घालून, पाठ ताठ ठेवून तपकिरी मर्क्युरी घेऊन आल्या, आणि फाटकावरच्या माणसाने त्यांना प्रेक्षकांच्या गाड्यांकडे पाठवलं. लेलंड भांडला तेव्हा एका कोपऱ्यात, कचऱ्याच्या पिंपांशेजारी जागा मिळाली. भर मैदानात मात्र दोरी बांधून उभी होती पाकोळी. म्हणजे हॅस्टीने बनवून घेतलेली नक्कल. अंजिरी, बुटकी, चकचकीत, आणि बाजूला पाटीवर तो जुगारी, ते तळं, सगळं.

दोन्या ओर्तेन्सियांनी पाटी पूर्ण वाचली. मग हॅस्टीला विचारलं, "बसून बघू का?"

त्या कोण हे त्याला माहीत नव्हतं. चार लोक बघताहेत म्हणून त्याने दोरी वर धरली, कमरेत वाकून दार उघडलं. बाई आत शिरल्या. टपाला डोकं आपटल्याचा आवाज आला आणि हॅट बाहेर गवतावर पडली.

"बरोब्बर!" आतून आवाज आला. "हे मात्र अगदी तंतोतंत जमलंय तुम्हाला."

लेलंडने सगळ्यांदेखत सांगितलं त्या कोण ते. हॅस्टी लाल झाला. "पुरावा काय?" मग सगळी वरात पिंपांशेजारी आली. लेलंडने कप्पा उघडला. हॅस्टी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मी त्याची मान बघत होते. तिचा रंग उतरत गेला. त्याला कळलं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण सरळ उभा राहून तो म्हणाला, "असली चित्रं कुणीही काढतं," आणि निघून गेला. त्याच्यामागे मंडळ, एकामागोमाग एक. कित्येक वर्षं ज्या गाडीच्या नावाने डोनट खाल्ले, तिला पाठ दाखवून.

त्यांच्या बायका मात्र गेल्या नाहीत. आधी हॅस्टीची बायको आली, मर्ल नावाची, जिला मी वीस वर्षांत एकही वाक्य पूर्ण करताना ऐकलं नव्हतं. "मी बसू का जरा?" तिने विचारलं. बसली, डोकं मागे टेकलं, आणि डोळे मिटले. मग बाकीच्या आल्या, सँडविचचे डबे घेऊन. आमची मैफल तिसऱ्या प्रहरापर्यंत चालली. कुणाची मान, कुणाची कंबर, कुणाचा मधुचंद्र डिकीत सुटे भाग भरून गेलेला. दोन्या ओर्तेन्सिया मध्ये मध्ये "मग तू काय केलंस?" एवढंच विचारायच्या, आणि बहुतेक जणी सँडविचचा पुढचा घास घ्यायच्या. लेलंड गवतावर बसून ऐकत होता. त्याला मी कुणाचं मध्ये न बोलता ऐकताना पहिल्यांदाच बघितलं.

करंडक नकलेला मिळाला. मासिकात जुगारी अजून बुडतोच आहे. लेलंडने मंडळ सोडलं, आणि त्याचा लेख सांता पाउलाच्या साप्ताहिकाने छापला, चुईच्या आडनावात दोन चुका करून. दोन्या ओर्तेन्सियांनी संपादकाला फोनवर असा धुतला की पुढच्या अंकात दुरुस्ती पहिल्या पानावर आली.

लेलंड सुधारलाय असं मात्र मी म्हणणार नाही. सध्या नीडल्सच्या बाजूला एक शेवरले ऐकलीय त्याने. पण आता फोन लागला की गाडीचं साल विचारायच्या आधी तो म्हणतो, "घरात बाई आहेत का? त्यांना द्या जरा." बऱ्याचशा बाया गाडीचं नाव काढताच फोन आपटतात. मी असते तर मीही आपटला असता.