मागच्या रांगेतला आवाज

“गाणं बदललं असेल हो त्यांनी, मानते मी. पण तुमच्या सांगण्यावरून?” आरशासमोर केसांत पिन खोचत बायको म्हणाली. “त्यांचं त्यांना सुचत नसेल का?”

घशाच्या ऑपरेशननंतर लिफ्टमिस्त्रीपाशी कुजबुजीपलीकडे काही उरलं नव्हतं, आणि कुजबुजीत भांडण रंगत नाही. त्याने नुसती तिची चप्पल दारापाशी सरळ करून ठेवली.

भांडण जुनंच होतं. आज दोघं ज्याच्या कार्यक्रमाला निघाले होते तो गायक तेव्हा नवखा. स्वतःच लिहायचा, स्वतःच चाल लावायचा, गिटार घेऊन एकटा उभा राहायचा. ‘दिवा मालव आता, मी यायचा नाही’ ही ओळ आली आणि मागच्या रांगेतून तरुण मिस्त्री ओरडला, “राहू दे की दिवा!” लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून आठव्या मजल्यावरच्या जोडीदाराशी बोलणारा तो गळा, त्याला सभागृहाचं काय मोठं? लोक हसले. गायकाने मात्र ध्रुवपदावर परत येताना ‘दिवा राहू दे आता, मी यायचा नाही’ असं गायलं, आणि हसणारे गप्प झाले. तेव्हापासून रेकॉर्डवर ‘मालव’ आणि मंचावर ‘राहू दे’ असंच चालत आलं. जुने चाहते त्या एका ओळीवर जीव टाकत.

ही हकिकत मिस्त्रीने घरी इतक्यांदा सांगितली होती की तो सुरुवात करायचा आणि मुलगी शेवट करायची. बायको मात्र कधी कार्यक्रमाला गेली नाही. “रेकॉर्ड आहे की घरात,” हे तिचं ठरलेलं. यंदा तीच म्हणाली, येते. गायक पंच्याहत्तरीला टेकला होता. पुढचं कुणी पाहिलंय?

गायक मंचावर आला आणि उंच स्टुलावर बसला. आवाज खरखरीत झाला होता, वरचे सूर तो बिनदिक्कत लोकांवर सोपवून मोकळा होत होता. तरी दोन गाण्यांत त्याने सभागृह खिशात टाकलं. पर्स पोटाशी धरून बसलेली बायको तिसऱ्या गाण्याला मान डोलवू लागली.

“रेकॉर्डवर असं नाही वाटत,” ती म्हणाली. मिस्त्रीला त्या क्षणी ती फार आवडली.

मग ते गाणं आलं. मिस्त्री पुढे सरकून बसला. म्हाताऱ्या गायकाने डोळे मिटले आणि गायलं, ‘दिवा मालव आता...’

वयाने त्याला पहिल्या पाठांतराकडे नेलं होतं. लोकांत चुळबुळ झाली, पण एवढ्या मोठ्या माणसाला टोकायचं कुणी? मिस्त्री अर्धवट उठला, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या. बाहेर नुसती हवा आली.

बायकोने ते पाहिलं. चार माणसांत कधी आवाज न चढवलेली ती बाई ताडकन उभी राहिली.

“राहू दे की दिवा!”

गिटार थांबली. गायकाने कपाळावर हात आडवा धरून अंधारात पाहिलं.

“हे मला पूर्वी एकदा सांगून झालंय,” तो म्हणाला. “असंच, मागून. पण तो गडी होता. विहिरीच्या तळातून बोलावं तसा आवाज. नंतर कैक वर्षं वाट पाहिली मी त्याची. म्हटलं, आणखी एखादी ओळ सुधारून देईल.”

लोक हसले. मग त्याने ओळ नव्याने घेतली आणि सगळं सभागृह त्याच्याबरोबर ‘राहू दे’ म्हणालं.

बायको खाली बसली. बराच वेळ तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

“विहीर कसली,” ती अखेर म्हणाली, “लिफ्टचा खड्डा.”

बाहेर पडताना एका मुलीने तिला गाठलं. “आजी, मघाशी तुम्हीच ओरडलात ना?”

“मी कुठली? हे,” असं म्हणून तिने मिस्त्रीकडे बोट केलं.

मुलगी त्याच्याकडे वळली आणि तो काय बोलतो म्हणून थांबली. मिस्त्रीने गळ्याभोवतीचा रुमाल सारखा केला आणि होय म्हणून मान हलवली.