डिसेंबरचं पान

नोव्हेंबर संपायला तीन दिवस उरले होते आणि मला एका कॅलेंडरचं पान फाडायचं होतं. एवढ्याच कामासाठी मी मुंबईहून नागपूर, नागपूरहून आदिलाबाद आणि तिथून ऑटोत नऊ माणसांत कोंबून घेऊन जैनथला आले. रजेच्या अर्जावर 'आईची तब्येत' असं लिहिलं होतं. आईची तब्येत ठणठणीत होती. कापूस वेचायच्या दिवसांत तिला आजारी पडायला सवडच नसते.

मी एका विमान कंपनीत होते. मुंबईच्या विमानतळावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी कंपनीची वेगळी, गालिचे घातलेली खोली होती. विमान सुटेपर्यंत या बड्या मंडळींची बडदास्त ठेवायची. कुणाला मान चोळून हवी असे, कुणाला चेहऱ्यावर लेप, आणि बहुतेकांना पाय. कोमट पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकून पाय धुवायचे, मग सुगंधी तेलानं दाबून द्यायचे. हैदराबादेत मी त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि माझ्या हाताला खास मागणी होती. फुशारकी वाटली तर वाटो, खरं आहे ते. घरी मात्र मी 'प्रवाशांच्या सेवेत आहे' एवढंच कळवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

कारण माझे बाबा, भिवाजी. ऐन विशीत ते गावातल्या देशमुखाकडे सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. रोज दुपारी जेवण झालं की देशमुख बाजेवर आडवा होई आणि बाबा त्याचे पाय दाबत. तो झोपला तरी थांबायचं नाही. हात थांबला की झोपेतच दुसऱ्या पायाची लाथ बसे. चार वर्षं बाबांनी ते सोसलं, मग शाळेत अटेंडर, म्हणजे शिपाई म्हणून लागले आणि घंटा वाजवत वाजवत निवृत्त झाले. आम्ही लहान असताना त्यांचं एकच पालुपद असे, माझी लेकरं कोणाच्या पायाला हात लावणार नाहीत. आमच्या घरी वडिलांच्या पाया पडायचीही सोय नव्हती. परीक्षेत पास झालं म्हणून वाकावं, तर ते पाय मागे घ्यायचे आणि हात पुढे करायचे. तो हात हातात घ्यायचा, झाला नमस्कार.

असल्या माणसाच्या मुलीनं काय करून ठेवावं? कंपनीनं सत्त्याण्णव सालचं कॅलेंडर काढलं आणि डिसेंबरच्या पानासाठी मला निवडलं. मी गुडघ्यांवर बसले आहे, शेजारी पितळी घंगाळ आहे, आरामखुर्चीत एक सुटातले साहेब डोळे मिटून पहुडले आहेत आणि त्यांचे पाय माझ्या हातांत आहेत. फोटो काढला त्या दिवशी मी नुसती हवेत होते. चेहरा एका बाजूनं दिसतो, पण नाक आईचं, ते लपणार कुठे? पुढे कंपनीला प्रेमाचं भरतं आलं आणि तिनं प्रत्येकाच्या घरच्या पत्त्यावर एकेक कॅलेंडर पाठवून दिलं.

बाबांचं पत्र आलं तेव्हा मला हे कळलं. कॅलेंडर पोचलं, भिंतीवर लावलं, जानेवारीत मोठं विमान आहे, शाळेतले गुरुजी पाहून गेले. मग दर महिन्याच्या एक तारखेला ते पान उलटत आणि पत्रात चित्राचं वर्णन लिहीत. मार्चात विमानातलं जेवणाचं ताट आलं. त्यावर त्यांचा शेरा होता की मोठे लोक उपाशीच प्रवास करतात असं दिसतं. मी ते वाचून हसले आणि लगेच डिसेंबरला किती महिने उरले ते बोटांवर मोजलं. ऑक्टोबरपर्यंत तर माझी झोपच उडाली.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. आई वेचणीला गेली होती, बाबा पोस्टात गेल्याचं शेजारी कळलं. मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता स्टुलावर चढले आणि नोव्हेंबरचं पान उचललं. खाली भिंत होती. डिसेंबर नव्हताच.

"ते तिथं नाई," मागून बाबा म्हणाले.

मला स्टुलावरून उतरायचं सुचेना. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि पेटीतून माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटचा लिफाफा काढला. पान त्यातच होतं. कॅलेंडर आलं त्याच दिवशी त्यांनी बाराही पानं पाहिली होती. म्हणजे अकरा महिने या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि तो मला ताटांची वर्णनं लिहीत होता.

मी पान उलगडलं. बाबांनी कात्रीनं साहेबांना कापून काढलं होतं. सूट गेला, खुर्ची गेली, मिटलेले डोळे गेले. मी होते, घंगाळ होतं, आणि माझ्या हातांत धनी नसलेले दोन पाय होते.

"झोपला होता तो. मले पाहवलं नाई, म्हून कापला. पाय नाई कापता आले. तुहे हात होते त्याच्यावर."

मला रडू फुटलं. रडता रडता रागही आला. इतके दिवस लिहिलं का नाहीत म्हणून मी त्यांच्यावरच तणतणले. तू सांगशील म्हणून वाट पाहत होतो, असं ते शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. "लाथ मारते का कोनी?"

मी नाही म्हटलं. एकदा एक प्रवासी माझ्यावर खेकसला होता, तेव्हा मी हात पुसले आणि उठून गेले, हेही सांगितलं. कंपनीनं काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मॅनेजरनं माझीच बाजू घेतली.

"उठून गेली तू?"

"गेले."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. त्यांना एवढंच हवं होतं. मला हे जानेवारीत कळलं असतं तर वर्ष सुखाचं गेलं असतं.

खाली बघितलं तर त्यांच्या टाचांच्या भेगांत काळी माती बसलेली होती. मी चुलीवर पाणी ठेवलं, घमेल्यात ओतून मूठभर मीठ टाकलं आणि त्यांच्यापुढे बसले. त्यांनी सवयीनं पाय मागे घेतले आणि हात पुढे केला. मी तो हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"बाबा, मी काय शिकले ते पाहा तरी."

माझा निकाल पाहायला ते कधी नाही म्हणाले नव्हते. पाय हळूच पाण्यात आले. धुऊन, पुसून मी जवसाचं तेल लावलं. पाय लाकडासारखे ताठ होते, ते कोणी कधी दाबलेच नव्हते. माझ्या अंगठ्यांखाली ते सैल होऊ लागले तसं मी प्रवाशांना सांगते तेच सांगितलं, डोळे मिटा, बरं वाटेल.

"नाई. मी जागा राह्यतो."

आणि ते जागे राहिले. माझ्या हातांकडे बघत राहिले. एक पाय झाला, दुसरा मी मांडीवर घेतला, तोच त्यांनी वाकून माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब आता, विशाखा. हात दुखले असतीन तुहे."

मी थांबले.