दोरीचं दुसरं टोक

"मणी किती, आबा?"

"दोन."

"आणि दोऱ्या?"

"दोऱ्याही दोनच."

"दोऱ्या दोन दिसू देत, तसंच दिसतं. मणी एक व्हायला हवा. बघत राहा."

दोरीचं एक टोक मी नाकाच्या शेंड्याला धरलं होतं, दुसरं मेरिमच्या हातात होतं. मेरिम ही काराकोलच्या दवाखान्यातली डोळ्यांचे व्यायाम शिकवणारी मुलगी. दोरीत लाल, पिवळा, हिरवा असे तीन मणी. लाल मणी माझ्यापासून वीतभर. त्याच्याकडे बघायचं, बाकी काही नाही. एकसष्ट वर्षांचा मी, जन्मभर लाकूड तासलेलं. मला हा पोरखेळ वाटला.

"त्यापेक्षा चष्मा दे ना, पोरी."

"चष्म्याचं काम नाही हे. डोळे चांगले आहेत तुमचे. गाडीचे दोन्ही घोडे धडधाकट असले आणि एक डावीकडे ओढतोय, एक उजवीकडे, तर गाडी जाईल का? डोक्याला मार बसल्यापासून जवळचं बघताना तुमचे डोळे एका जागी येत नाहीत. त्यांना परत शिकवायचं. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं. तीन-चार महिने तरी लागतील." तिने दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली. "घरी दुसरं टोक धरायला कोण आहे?"

"बायको आहे," मी म्हणालो.

तोंडातून कसं गेलं, मला कळलं नाही. अनारकानला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

"मग झालं तर. घरी आपांना सांगा, दोरी ताठ धरा, हलवू नका."

"नाही हलवणार ती," मी म्हणालो.

मी पडलो तो सप्टेंबरात, गोठ्याच्या माळ्यावर गवत चढवताना. शिडी सरकली. तीस वर्षं ती शिडी अनारकान धरायची आणि खालून ओरडायची, "शारशेन, म्हातारा झालास, हळू!" त्या दिवशी कोणी ओरडलं नाही. डोकं दगडावर आपटलं. शुद्धीवर आलो तेव्हा शेजारचा कादिरकुल तोंडावर वाकला होता, आणि ते एक तोंड मला दोन दिसत होतं. लांबचा डोंगर एक, जवळचं सगळं दोन.

माझा धंदा घरं बनवण्याचा. नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गोल घरांचे लाकडी सांगाडे. गावात कोणाकडे मयत असलं की अंगणात तसं घर उभं करतात आणि गेलेल्या माणसाला त्यात ठेवतात. अर्ध्या तालुक्याला मी अशी घरं दिली, पण आमच्या अंगणात कधी एक राहिलं नाही. बनवलं की कोणीतरी मागायला यायचं आणि मी देऊन टाकायचो. अनारकान म्हणायची, "माझ्या एकटीसाठी एक कर." स्वतःच्या घरासाठी तिने चार हिवाळे नमदे शिवले, लाल-काळ्या शिंगांच्या नक्षीचे. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. ती गेली तेव्हा तिला कादिरकुलच्या घरात ठेवावं लागलं. मीच बनवलेलं, पण कादिरकुलचं.

म्हणून मी ठरवलं होतं, तिला जाऊन वर्ष होईल त्या दिवशीच्या जेवणाला तिचं घर उभं करायचं. भिंतीची जाळी झाली होती, वाळुंजाचे वासे वाकवून झाले होते. राहिला होता फक्त तुंदुक, घराच्या डोक्यावरचं गोल कडं. त्यात पासष्ट भोकं पाडायची, प्रत्येकात एक वासा बसतो. ऑक्टोबरात मी बसलो. एक डोळा झाकला की एकच भोक दिसायचं, पण पटाशी किती खोल गेली ते समजायचं नाही. दोन्ही उघडले की दोन पटाश्या, दोन खुणा. अठराव्या भोकाला मी खोट्या खुणेवर घाव घातला. कडं चिरलं.

कादिरकुल बघायला आला. चिरलेलं कडं त्याने हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"दुसऱ्याकडून करून घे ना, शारशेन," म्हणाला.

"नाही."

"बरं. मग बाजारात तरी चल माझ्याबरोबर. मेंढ्या विकताना तू मोज, विकत घेताना मी मोजतो."

मी हसलो. घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

दोरी मी अनारकानच्या शिवणयंत्राच्या चाकाला बांधायचो. यंत्र खिडकीपाशी होतं, तिने सोडलं तसंच. दोरी ताठ राहायची. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. डोळ्यांत पाणी यायचं, कपाळ ठणकायचं. जानेवारीत कधीकधी लाल मण्याच्या दोन सावल्या सरकत जवळ यायच्या, एक व्हायच्या आणि लगेच सुटायच्या.

पण संध्याकाळचा सराव मी टाळायला लागलो. त्याचं कारण सांगतो. चहाच्या वेळी मी माझा एक पियाला पुढे ठेवायचो आणि ते दोन दिसायचे. शेजारी शेजारी, दोन्हींतून वाफ. अनारकान माझा पियाला कधी भरून द्यायची नाही, अर्धाच ओतायची. आमच्याकडे भरलेला पियाला म्हणजे पाहुण्याला 'निघा आता' सांगणं. मीही अर्धाच ओतायला लागलो. दोन अर्धे पियाले समोर असले की संध्याकाळ सरायची. सराव केलेल्या दिवशी मात्र दुसरा पियाला थोडा वेळ नाहीसा व्हायचा.

फेब्रुवारीत मेरिमने दोरी धरली, लाल मणी पुढे-मागे केला आणि दोरी खाली ठेवली.

"आबा, मागच्या वेळी होतं तिथून मागे गेलंय. सराव झाला नाही."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आपांना घेऊन या पुढच्या खेपेला. त्यांनाच दम देते."

"ती नाही," मी म्हणालो. "जूनमध्ये गेली. मी खोटं बोललो तुला."

मग मी तिला यंत्राचं सांगितलं. पियाल्यांचंही सांगितलं. एवढ्याशा पोरीला का सांगितलं, कोण जाणे. तिने मला समजावलं नाही, हे बरं केलं. दोरी परत उचलली.

"हिरव्याकडे बघा. लांबच्या."

मी बघितलं.

"हिरवा किती?"

"एक."

"आता त्याच्यावरची नजर काढू नका. जवळचा लाल किती?"

"दोन झाला. बिघडलंच की!"

"नाही बिघडलं. मलाही दोनच दिसतो. ज्याच्याकडे बघतो तेवढं एक, बाकीचं सगळं दोन. सगळ्यांनाच. ते काही मी बरं करणार नाही." मग हळूच म्हणाली, "पण लाकडाकडे बघाल तेव्हा लाकूड एक दिसायला हवं ना, आबा?"

त्या दिवसापासून मी एक वेळ चुकवली नाही. एप्रिलमध्ये लाल मणी नाकापासून चार बोटांवर एक राहायला लागला. मी भूर्जाचं नवं लाकूड वाफेवर वाकवलं. रोज चार-पाच भोकं, जास्त नाही. डोळे थकले की थांबायचो, उठून डोंगराकडे बघायचो. पासष्टावं भोक पडलं तेव्हा कादिरकुलला हाक मारली. त्याने प्रत्येक भोकात बोट घालून बघितलं.

"ठीक आहे," म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढं खूप झालं.

जूनमध्ये तिचं घर अंगणात उभं राहिलं. मी काठीने तुंदुक वर धरला, पोरांनी वासे बसवले. एकही अडला नाही. बिश्केकहून मुलगी आली, गाव आलं. मुल्लाने पठण केलं, सगळे जेवले, दुपार कलायच्या आत सगळे गेले. मुलगी भांडी घेऊन नदीवर गेली.

मी आत एकटा बसलो. वरच्या कड्यातून उन्हाचा गोल कवडसा नमद्यावर पडला होता. मी पियाला पुढे ठेवला, अर्धा चहा ओतला. पियाला एक होता. कितीही बघितलं तरी एकच.

मग मी समोर बघितलं, पलीकडच्या भिंतीवर, तिने शेवटी शिवलेल्या नमद्याकडे. त्याची एका बाजूची शिवण अर्धी राहिली आहे. सुई मी तशीच ठेवली आहे. ती शिवण मी बघत राहिलो, आणि खाली, माझ्या गुडघ्यांपाशी, पियाले दोन झाले.

चहा निवेपर्यंत मी नजर हलवली नाही. मग पियाल्याकडे बघितलं, उचलला आणि प्यायलो.