खाजाभाईंची आरडी आणि शरिफाचे कान

तिसगावच्या स्टँडमागे खाजाभाईंचं गॅरेज आहे आणि त्याच्या भिंतीला लागून शरिफाची शिलाईची खोली. मधल्या भिंतीतल्या खिडकीला काच कधी बसलीच नाही. लग्न होऊन आल्यापासून शरिफाचं मशीन त्या खिडकीशी, त्यामुळे गॅरेजात आलेली गाडी ती आधी ऐकायची आणि मग, वेळ मिळाला तर, बघायची. ब्लाऊजला हुक लावता लावता तिला कळायचं की गाडी बिघडलेली आली, आता सुधारत चालली आणि आता झाली. झाली की ती उठून चहा ठेवायची. खाजाभाई हात पुसून आत येईपर्यंत कप भरलेले असायचे.

त्या सकाळी ती चहासाठी उठलीच नाही, कारण गाडी होतच नव्हती.

गाडी खाजाभाईंची स्वतःची होती. लग्नाआधीपासूनची आरडी, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटरसायकल. फार वर्षांपूर्वी त्यांनी तिच्या सिलिंडरची भोकं घासून रुंद केली होती आणि तेव्हापासून ते म्हणत आले होते, "हिची छाती मोठी झाली, पन नाक तेवढंच ऱ्हायलं." चाकणला नोकरीला असलेल्या परवेझने, त्यांच्या मुलाने, गेल्या ईदला ते नाक पाठवून दिलं. इंजिनात हवा-पेट्रोल सोडणारे, मूळच्यापेक्षा मोठ्या तोंडाचे दोन कार्ब्युरेटर, जुने पण झकास साफ केलेले. खाजाभाईंनी ते कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवले आणि विषयच काढला नाही. शरिफाने विचारलं की म्हणायचे, "बसवू सावकाश."

मग आदल्या दिवशी बिभीषण आला. बिभीषण म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, खाजाभाईंचा शाळेपासूनचा सोबती, आणि स्वतःच्या येझदीवर बायकोपेक्षा जास्त जीव असलेला माणूस. फळीवरचं गाठोडं बघून तो म्हणाला, "ठिव तसंच. करंजीच्या घाटात शेवटच्या वळणाला तुझी आरडी सेकंड गिअर मागती ती मागनारच. नाक मोठं करून दम वाढतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच खाजाभाईंनी फळीवरून गाठोडं काढलं.

शरिफा ऐकत होती. गाडी सुरू झाली होती खरी, पण डावीकडून एकसारखा आवाज आणि उजवीकडून अडखळत, ठेचकाळत. आता स्क्रू फिरवतील, आता जमेल, असं म्हणत तिने एक बाही शिवून संपवली. आवाज तसाच. दुसरी बाही झाली. मग तिने मशीनवरचा पाय काढला आणि बाहेर गेली.

खाजाभाई गाडीशेजारी उकिडवे बसले होते, तळहात पेट्रोलच्या टाकीवर ठेवून. तिला बघून त्यांनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, "बरी वाटती ना आता?"

त्यांनी ते ज्या तोंडाने विचारलं त्यावरून शरिफाच्या लक्षात आलं. ऐकू कमी येतं हे घरात सगळ्यांना ठाऊकच होतं. टीव्ही मोठा करावा लागायचा, त्यांच्याशी समोर उभं राहून बोलावं लागायचं. पण इंजिनही ऐकू येईनासं झालंय, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. गेल्या वर्षभरात ट्यूनिंगची गाडी आली की ते 'हात दुखतो' म्हणून पाथर्डीच्या मेकॅनिककडे पाठवायचे, आणि ती बिचारी रात्री हाताला तेल चोळून द्यायची.

"कानातलं मशीन कुठंय?" तिने विचारलं.

त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "ते लावलं की समदं पत्र्यागत वाजतं. इंजिन, पंखा, तू. काय वेगळं कळत न्हाई." मग खाली बघत म्हणाले, "परवेझला सांगू नको. हौसेनं पाठवलंय पोरानं."

शरिफाने पदर खोचला, कोपऱ्यातला प्लास्टिकचा स्टूल ओढून गाडीसमोर ठेवला आणि बसली.

"चालू करा. उजवीकडची अडखळती हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"अडखळलेलं कळतं. पुढचं तुमी बघा."

खाजाभाईंनी किक मारली. उजव्या कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू त्यांनी थोडा आत घेतला आणि तिच्याकडे बघितलं. तिने नाक मुरडलं. बाहेर घेतला. तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. अजून जरा बाहेर, आणि तिचा हात वर उठला, बस या अर्थाने. अडखळणं गेलं होतं. पण दोन्ही बाजू एकत्र येत नव्हत्या.

"एक पाऊल पुढं, एक मागं," ती त्यांच्या समोर येऊन म्हणाली. "जोडीनं चालत न्हाईत."

खाजाभाई हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. या दुखण्यावरचा इलाज त्यांना कानांशिवायही येत होता. त्यांनी इंजिन बंद केलं, दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि तिला ॲक्सिलेटर हळूच पिळायला सांगितलं. आतल्या झडपा एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक आधी उचलत होती. केबलीचा नट ते केसभर फिरवत राहिले, ती पिळत राहिली, आणि शेवटी दोन्ही बोटांना झडप एकाच वेळी लागली तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान हलवली. पुन्हा किक मारली तर दोन सिलिंडर मिळून एकच आवाज आला, असा नितळ की शरिफाच्या अंगावर काटा आला.

तिने चहा ठेवला. पण हे सगळं उभ्या गाडीचं झालं, खरं काय ते रस्त्यावर कळणार होतं.

बाजार नसलेल्या दिवशी पाथर्डीच्या रस्त्याला दुपारी फारशी वर्दळ नसते. खाजाभाईंनी तिला मागे बसवलं. मुलं लहान असताना चौघं याच गाडीवर देवळाली प्रवऱ्याला तिच्या माहेरी जायची. त्यानंतर ती स्कूटीवर मेहविशच्या, म्हणजे मुलीच्या मागे बसायची, आरडीवर कधी नाही. आता ती बसली ती दोन्ही कान देऊन.

गाडी पळाली, पण जड. "ओल्या गोधडीगत आवाज हाय," थांबल्यावर ती म्हणाली. खाजाभाईंनी प्लग काढून बघितले तर दोन्ही काळेकुट्ट आणि ओले. पेट्रोल जास्त होत होतं. प्लग वाचायला कान लागत नाहीत. त्यांनी सावलीला फडकं पसरून दोन्हीकडचे पेट्रोल सोडणारे जेट बदलले, एक नंबर लहान. पुन्हा फेरी. गोधडी वाळली, पण पुरती नाही. पुन्हा जेट. तिसऱ्या फेरीला गाडी अशी सुटली की शरिफाचा पदर उडून मागे फडफडायला लागला आणि तिच्या तोंडून आपोआप हसू फुटलं. प्लग काढले तर चहाच्या रंगाचे, म्हणजे पेट्रोल बरोबर.

"आता घाट," खाजाभाई म्हणाले.

बिभीषणला फोन गेला. तो येझदी पुसून तयारच होता. तिघं करंजीत पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. बिभीषणने गाडी उभी करून शरिफाकडे बघितलं. "भाभी, तुमी कशाला वजन वाढवायला? तुमाला येझदीवर घेतो. म्हंजी त्याला हरल्यावर सबब ऱ्हानार न्हाई."

"मी वजन न्हाई," शरिफा म्हणाली. "मी कान हाय."

बिभीषणला त्यातलं काही कळलं नाही. खाजाभाई मात्र टाकीवरून हात फिरवत स्वतःशीच हसले.

घाट चढायला लागला. थर्ड गिअर, गाडी खुशीत. पहिलं वळण, दुसरं. पुढे ऊस घेतलेला ट्रॅक्टर होता, तो मागे टाकला. आणि मग शरिफाला उजवीकडून काहीतरी नवं ऐकू आलं. पत्र्याच्या डब्यात कोणी खडे हलवावेत तसं, बारीक आणि कोरडं. आतापर्यंत दिवसभर ऐकलेल्यातलं नव्हतं ते. ते काय असतं हे तिला माहीत नव्हतं, पण सुकं काहीतरी घासतंय एवढं तिला कळलं, आणि तिने खाजाभाईंच्या पाठीत दणका घातला.

त्यांनी काही विचारलं नाही. क्लच दाबला, ॲक्सिलेटर सोडला आणि गाडी कडेला घेतली.

"खडे वाजले. उजवीकडं."

त्यांनी गरम प्लग फडक्यात धरून काढला आणि तिच्यासमोर धरला. पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडून तापलेला. "अजून थोडं गेलो असतो तर पिस्टन तापून सिलिंडरात पकडला असता," ते म्हणाले. मागून बिभीषण आला आणि येझदीवरूनच म्हणाला, "काय, सेकंड मागितला?"

"हवा घेती कुठूनतरी," खाजाभाई म्हणाले. इंजिन जरा निवल्यावर त्यांनी ते सुरू केलं आणि कार्ब्युरेटर सिलिंडरला जिथं जोडलेला असतो तिथं चारी बाजूंनी बोटं दाबत गेले. एका ठिकाणी दाबलं की शरिफा म्हणायची, "सुधारला." सोडलं की, "परत बिघडला." तिथलंच पॅकिंग होतं. नवीन तोंड मोठं, आणि खाली जुन्याच मापाचं पॅकिंग, एका कडेला उघडं पडलेलं. घाईत त्यांच्याच हातून राहिलं होतं ते, आणि त्यांनी तसं कबूलही केलं.

गाडी सावकाश खाली आणली. घरी पोचल्यावर खाजाभाईंनी पॅकिंगचा कागद काढला, त्यावर नव्या तोंडाचं माप आखलं आणि आपली बोथट कात्री शोधायला लागले. शरिफाने आपल्या खोलीतून कापडाची कात्री आणून त्यांच्या हातात दिली. या कात्रीला कापडाशिवाय काही लावायचं नाही, हा घरातला कायदा होता. लहानपणी मेहविशने याच कात्रीने पतंगाचा कागद कापला म्हणून मार खाल्लेला.

"धार जाईल," खाजाभाई म्हणाले.

"जाऊ द्या. दोन्ही बाजूचं कापा."

तोवर बिभीषण मेहविशशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता आणि तिला सांगत होता की तुझ्या आईबापाला म्हातारचळ लागलाय. मेहविश म्हणाली, "काका, मोबाईल जरा गाडीकडं करा की, मला बी बघू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, ते पुन्हा घाटाखाली उभे होते. हवा गार होती. शरिफाने पदर डोक्यावरून घट्ट आवळून घेतला, त्यावर हेल्मेट घातलं, त्याची काच वर करून ठेवली आणि डावा कान जरा तिरका केला.

थर्ड गिअर. पहिल्या वळणाला ती काहीच बोलली नाही. खडे वाजले होते त्या जागी खाजाभाईंची पाठ ताठ झालेली तिला जाणवली; ते दणक्याची वाट बघत होते. तिने तळहात त्यांच्या पाठीवर नुसता ठेवला. चालू द्या. गाडी ओढत होती, दोन्ही बाजूंनी सारखी, आणि चढ जसा उभा होत गेला तसा आवाज दबण्याऐवजी भरत गेला. शेवटच्या वळणाला खाजाभाईंचा डावा पाय सवयीने गिअरकडे गेला. मग तिथंच थांबला. आणि गाडी वर होती, रस्ता सपाट, समोर उघडं माळरान.

खाजाभाईंनी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. बिभीषण बऱ्याच वेळाने आला. त्याने येझदी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, आरडीच्या त्या दोन मोठ्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणाला, "मधी ट्रॅक्टर लागला मला." मग पुढे म्हणाला, "बरं, चहा माझा," आणि टपरीकडे गेला.

खाजाभाई टाकीवर हात ठेवून बसले होते. "शरिफा," ते म्हणाले, "शेवटच्या वळणाला कसा हुता आवाज?"

ती गाडीवरून उतरून त्यांच्या समोर आली, त्यांना ओठ दिसावेत म्हणून. पण सांगायला शब्द सापडेनात. अडखळणं, गोधडी, खडे, बिघडलेल्या आवाजाला तिला आदल्या दिवसभर शब्द मिळत गेले होते. या आवाजात काही बिघडलेलंच नव्हतं.

"दोघं जोडीनं चालत हुते," शेवटी ती म्हणाली. "आनि जड काईच वाटत नव्हतं त्यांना."

"अजून सांग."

"लांबवर ऐकू गेला असंल. खाली करंजीतबी. भरीव, पन गोड."

त्यांनी मान हलवली. हाताखालची टाकी थरथरत होती. ते तिचं बोलणं आणि ती थरथर एकमेकांशी जुळवून बघत असावेत, असं तिला वाटलं, म्हणून ती सांगत राहिली: वळणावर आवाज डोंगराला लागून कसा परत आला, ॲक्सिलेटर सोडला तेव्हा मागे कसा हलकासा फुटला. खाजाभाई ऐकत होते. टपरीवरून बिभीषणने तीन बोटं दाखवून साखरेचं विचारलं, तर दोघांपैकी एकानेही तिकडे बघितलं नाही, म्हणून त्याने आपल्या मनाने गोड चहा सांगितला.